बाबांच्या पायाचं माप

३ जून, शनिवार. सकाळी ९.
ऑफिसचा लेझर स्कॅनर घरी आणला. मॅनेजरला सांगितलं, कॅलिब्रेशन बघायचंय. बघणारच आहे. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला, त्याला तीन महिने झाले. नवा पाय बसवायचा तर त्याच पायाच्या उरलेल्या भागाचं माप लागतं. दवाखान्यातला टेक्निशियन अजून प्लास्टर गुंडाळून माप घेतो म्हणे. माझा स्कॅनर केसभर फरकही सोडत नाही. ताईला फोनवर सांगितलं, अपॉइंटमेंट रद्द कर. पंधरा दिवसांत बाबा चालतील.

दुपारी २.
पायाला ठिपक्यांचे स्टिकर लावायचे होते. बाबांनाच लावायला सांगितले. माझे हात गार असतात. स्कॅन हलला. बाबा म्हणाले, चाळीस वर्षं लेथ मशीनवर लोखंड कातलं, हलता जॉब कुणी मोजत नाही.

१० जून.
आज स्कॅन बरा आला. फक्त चित्रात पायाच्या टोकाशी मोठं भोक. बाबा म्हणतात, तू तिकडे बघतच नाहीस. मी स्क्रीनकडे बघतो. तसंच करायचं असतं.

१७ जून.
स्कॅनरला खोलीत उजेड फार. जाड पडदे हवेत. पंधरा दिवस तसे आजच झाले, पण पडद्यांशिवायचे दिवस धरायचे नाहीत.

२४ जून.
पडदे लावले. बाबा झोपले होते. झोपेत हलत नाहीत, म्हणजे संधी होती. पण अंगावर पांघरूण होतं.

१ जुलै.
ताईनं अपॉइंटमेंट रद्द केलीच नव्हती. बाबांना घेऊन गेली. मी गेलो नाही, सॉफ्टवेअर अपडेट चालू होतं. परत आल्यावर सांगत होती, टेक्निशियननं पाय मांडीवर घेतला आणि अर्धा तास बोटांनी चाचपत बसला, इथे दुखतं का, तिथे दुखतं का. जुनाट पद्धत.

२२ जुलै. संध्याकाळ.
बाबा स्वयंपाकघरातून माझ्या खोलीपर्यंत चालत आले. भिंतीला हात न लावता. खुर्चीत बसले, दवाखान्यातून आलेला नवा पाय काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, घे, हा हलत नाही.
एका फेरीत स्कॅन आला. एकही भोक नाही. बाबांनी विचारलं, आता याचं काय करणार? म्हटलं, रेकॉर्डला.
मग म्हणाले, ते राहू दे, इकडे ये, जरा दाबून दे, पहिल्यांदाच एवढं चाललो, ठणकतंय.
म्हटलं, फाइल सेव्ह होतेय.
केव्हाच झाली होती.