एकेचाळीस जणींचा एकच पासवर्ड

नाना, तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुम्हाला लिहितेय. मधल्या काळात तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले, सभांमधून, शिबिरांमधून, गावोगावच्या मंडपांमधून. तुमच्याशी मात्र बोलले नाही. माईकसमोर उभी राहिले की मला शब्द शोधावे लागत नाहीत, हे तुम्ही पाहिलंय. एकलहऱ्याला वीज केंद्राच्या गेटवरच्या सभेत मी पहिल्यांदा बोलले, तेव्हा तुम्ही सगळ्यांच्या मागं सायकलला टेकून उभे होतात. घरी आल्यावर एवढंच म्हणालात, "आवाज चांगला आहे. जपून वापर." आता तो आवाजही थकलाय. गेल्या महिन्याभरात जे झालं त्यानंतर दोन सभा मी नाकारल्या, घसा बसलाय असं सांगितलं. घसा बरा आहे.

तुमच्या वेळी नसलेली एक गोष्ट आधी सांगावी लागेल. आता दाखला, रेशन, शिष्यवृत्ती, कॉलेजचा प्रवेश, सगळं पडद्यावर चालतं. प्रत्येक दाराला वेगळं कुलूप, आणि त्याची चावी म्हणजे आपणच ठरवलेला एक शब्द. त्याला पासवर्ड म्हणतात. तो आठ अक्षरांहून लहान नको, त्यात एक इंग्रजी मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एखादी खूण हवी, आणि तो कुठं लिहून ठेवायचा नाही. ज्यानं हे नियम केले त्यानं पहाटे चारला उठून झेंडू तोडणारी बाई कधी पाहिलेली नसणार. माणसं मग हाताशी असेल ते घेतात. मुलाचं नाव, कुलदैवताचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर. दिंडोरीचे एक द्राक्षबागाईतदार माझ्या शेजारी बसून आपल्या द्राक्षाच्या जातीचं नाव एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करत होते. सगळी खोली ऐकत होती. एक निवृत्त मुख्याध्यापक पासबुकाच्या कव्हरवरच ठळक अक्षरात लिहून आणतात, आणि वर विचारतात, "सुवाच्य आहे ना?"

माझा पासवर्ड म्हणजे तुमचा बिल्ला नंबर. गेटवर पितळेचा तो गोल बिल्ला उचलायचा, सुटताना परत खिळ्याला अडकवायचा, त्यावरचा आकडा. पुढं एक अक्षर, मागं एक खूण. इथं तो लिहीत नाही, एवढी सवय आता लागलीय. सुरुवातीला मला त्यात बरं वाटायचं. रोज सकाळी संगणक उघडताना मी तुमचा आकडा बोटांनी म्हणायचे. देवपूजा मी सोडली त्याला चाळीस वर्षं झाली. ही एवढी एक राहिली होती.

पंचवटीत आमच्या संघटनेची एक खोली आहे, दहा बाय बारा. तिथं दर शनिवारी मी बायकांचे आणि मुलींचे फॉर्म भरून देते. मखमलाबाद, गिरणारे, पेठकडून येतात. पहिल्या वर्षी मी प्रत्येकीला तिचा तिचा पासवर्ड निवडायला लावला. पुढच्या शनिवारी निम्म्याजणी विसरून आल्या. कागद भिजला, वहीचं पान पोरानं फाडलं, मोठं अक्षर कुठलं होतं ते आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. साइट बंद पडते, रांग दारापर्यंत जाते, लाईट जाते. एका दुपारी मी कंटाळले आणि समोरच्या बाईसाठी माझाच शब्द टाकला. तुमचा आकडा. तिच्या कागदावर माझ्या अक्षरात लिहून दिला. मग पुढचीलाही. तीन वर्षांत एकेचाळीस जणी झाल्या. मनात काय होतं ते तुमच्यापासून लपवत नाही. यांच्या कुठं लक्षात राहणार, असं होतं. हेच वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर मी भर सभेत त्याची सालटी काढली असती.

त्या एकेचाळीस जणींत एक मुलगी आहे, अठरा वर्षांची. मखमलाबादच्या पुढं त्यांचा शेवंतीचा मळा आहे. तिला नर्सिंगला जायचंय. आई लहानपणी गेली. वडील बोलत नाहीत, घर काकांच्या शब्दावर चालतं. तिचा प्रवेशाचा अर्ज मी भरला. मार्क चांगले होते, नाशिकमध्येच जागा मिळाली असती. यादी लागायच्या दिवशी ती खोलीत आली, चपला न काढता आत आली, आणि म्हणाली, "मॅडम, माझा फॉर्मच नाय तिथं." मी पाहिलं. अर्ज रद्द झाला होता. चार दिवसांपूर्वी, तिचाच अर्ज क्रमांक आणि तिचाच पासवर्ड टाकून.

"तू केलंस?"

"मी कशाला करू?"

"मग पासवर्ड कुणाला सांगितलास?"

"कोणालाच नाय. आईची शपथ." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "चुलत बहिणीनंच सांगितला असंल. ती बसली होती ना माझ्याजवळ त्या दिवशी."

नाना, त्या क्षणी मला कळलं होतं. चुलत बहिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मीच भरला होता, तोच शब्द टाकून. कळलं होतं आणि तरी मी गप्प बसले. दोघी मळ्यात एकाच ओळीत फुलं तोडणाऱ्या मुली, त्यांच्यात त्या दिवसापासून बोलणं बंद झालं आणि मी ते होऊ दिलं. उलट मला ज्यात गती आहे ते मी केलं. रिक्षा केली आणि त्यांच्या घरी जाऊन ओट्यावर उभी राहून बोलले. मुलीच्या शिक्षणावर, तिच्या हक्कावर, दुसऱ्याच्या नावानं अर्ज रद्द करणं हा गुन्हा कसा आहे यावर. चांगलं बोलले असणार, कारण शेजारच्या दोन बायका भिंतीपलीकडून डोकावून ऐकायला लागल्या.

काका फुलांच्या पाट्या बांधत होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "झालं का मॅडम? बसा, चहा घ्या. पोरगी माझ्या भावाची हाय, मला तिचं वाईट करायचं नाय. रात्रपाळ्या करणारी पोरगी उद्या कोण करून घेईल? तुम्ही घ्याल का तुमच्या घरात?"

"रद्द तुम्ही केला, हे कबूल करताय?"

"केलाच. लपवायचं काय त्यात?" मग त्यांनी आत हाक मारली आणि आपल्या मुलीचा कागद आणायला लावला. घडीवर हळदीचे डाग पडलेला कागद. "हे अक्षर कोणाचं? माझ्या पोरीचा फॉर्म मी इथं घरीच उघडतो याच्यावरनं. पुतणीचाही लावून पाह्यला, उघडला. गल्लीत आणखी तीन पोरींचा हाच नंबर हाय. मी चोरी केली म्हणता. अहो, चावी तर तुम्हीच वाटत फिरलात."

मुलगी दारात उभी होती. चुलत बहीण तिच्या मागं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. चहा आला, तो मी घेतला. निघताना काका म्हणाले, "भाषण मात्र झकास झालं, मॅडम."

रिक्षात मला तुमचं कुलूप आठवलं. मी दहा वर्षांची आहे, क्वार्टरच्या ओट्यावर तुम्ही मला समजावून सांगताय. कोळसा दळायच्या चक्कीत फिटर उतरतो तेव्हा चालू करायच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावून उतरतो. त्यावर स्वतःच्या नंबराची लाल पट्टी, आणि चावी स्वतःच्या खिशात. साहेबाकडं नाही, फोरमनकडं नाही. चार माणसं उतरली तर चार कुलपं. मी विचारते, चौघांना मिळून एक नाही चालणार? तुम्ही हसत नाही. म्हणता, "तिघं वर आले आणि त्यांनी काढलं, तर चौथ्याचं काय?"

आणि तो दिवस. पहिली पाळी संपवून तुम्ही तीनला घरी आलात. चक्कीचं काम झालं होतं, पण पाळी बदलायच्या गडबडीत तुमचं कुलूप स्विचलाच राहिलं आणि चावी खिशातून घरी आली. चारला जीप आली. चक्की अडली होती, तुमच्या नंबराची पट्टी पाहून सगळे थांबले होते. तुम्ही खुंटीवरच्या शर्टात हात घातला. चावी नव्हती. आईनं गादी झटकली, पिठाचा डबा पालथा केला. शेवटी तुम्ही तसेच जीपमधून गेलात, कुलपासमोर उभे राहिलात, सही केलीत, आणि मग त्यांनी ते कापलं. मेमो मिळाला. संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मी विचारलं, आधीच का नाही तोडलं त्यांनी, तुम्ही तर घरी होतात. तुम्ही म्हणालात, "कुलपाला कळत नाही माणूस आत आहे का घरी आहे. आज मला न विचारता तोडलं असतं, तर उद्या कुणी आत असताना तोडतील." त्यानंतर निवृत्तीपर्यंत तुम्ही नव्या कुलपाची चावी करगोट्याला बांधून ठेवलीत. निरोपाच्या समारंभातही तुम्ही नोकरीतलं दुसरं काही सांगितलं नाहीत, तेवढंच सांगितलंत, "माझ्या हातून एकदा चावी हरवली."

ही गोष्ट मी किती व्यासपीठांवरून सांगितली असेल. माझ्या बापानं स्वतःची चूक शंभर माणसांपुढं कबूल केली, असं म्हणून मी क्षणभर थांबते, आणि तिथं टाळी येते. ती कुठं येते हे मला पाठ आहे.

त्या शनिवारी मी एकेचाळीस जणींना बोलावलं. सदतीस आल्या. मी माईक घेतला नाही, उभीही राहिले नाही. म्हणाले, की सगळ्यांच्या कागदावर एकच शब्द आहे, तो मी टाकला, माझा त्रास वाचावा म्हणून टाकला. एका पोरीचं त्यामुळं नुकसान झालंय आणि तिच्या बहिणीवर फुकटचा आळ आलाय. मग मुलीकडे पाहून म्हणाले, "तुझ्या बहिणीनं काही सांगितलं नव्हतं. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं." मला वाटलं ती रडेल, नाही तर निघून जाईल. ती म्हणाली, "काकांच्या तोंडून कळलंच होतं, मॅडम. तुम्ही कधी सांगताय तेच बघत होते." चुलत बहीण तिच्या शेजारीच बसली होती. दोघींत एक शेंगदाण्याची पुडी होती.

दुसऱ्या फेरीचा अर्ज तिनं स्वतः भरला. पासवर्डाच्या रकान्यापाशी तिची बोटं थांबली. मी सवयीनं पुढं वाकले. ती म्हणाली, "मॅडम, तिकडं बघा." मी भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे, ते मी बराच वेळ वाचलं. तिच्यानंतर एकेक जण खुर्चीत बसायला लागली आणि दर वेळी खोलीतल्या सगळ्याजणी भिंतीकडे तोंड करायच्या, मग हसायच्या. गिरणाऱ्याच्या एक आजी एका बोटानं टाइप करत होत्या. मी म्हटलं, "आजी, लक्षात राहील असा घ्या." त्या म्हणाल्या, "लग्नात नाव बदललं माझं. त्याच्या आधीचं टाकलं. घरात कोणाला म्हाईतच नाय, विचारलंच नाय कोणी." कुणीतरी म्हणालं, "आता आम्हाला सांगितलं ना आजी." "नाव कुठं सांगितलं? बसा बोंबलत." त्यानंतर कितीजणींनी आपलं माहेरचं नाव टाकलं मला माहीत नाही. पण बऱ्याचजणी टाइप करताना ओठ हलवत होत्या, आणि आकडा कुठला घेऊ असं कुणी विचारलं नाही.

मुलीला जागा मिळाली, पण नाशिकची गेली. धुळ्याला मिळाली. तीन वर्षं वसतिगृहात राहावं लागेल. तीन वर्षांत विसरणारी पोर नव्हे ती, माझ्यामुळं लांब जातेय हे तिला माहीत आहे. मी तसं म्हणायला गेले तर म्हणाली, "लांब हाय तेच बरंय मॅडम. काकांना तिथं रोज नाय येता येणार." परवा वडील तिला एसटीत बसवायला आले होते. बस निघाली तेव्हा ते खिडकीच्या बाजूनं थोडं चालत गेले.

माझा पासवर्ड मी अजून बदललेला नाही. बदलायला हवा, अर्ध्या तालुक्याला तो माहीत आहे. रोज बसते आणि तुमच्याच आकड्यावर बोटं जातात. हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. वहीत राहील, आणि वहीला कुलूप नाही. तरी एक लिहायचं राहिलंय, आणि एवढी पानं मी त्याच्याच बाजूनं चालत आलेय. तुमच्या हातून चावी हरवली नव्हती, नाना. तुम्ही हातपाय धूत होतात तेव्हा मी ती शर्टातून काढली होती, तिला बांधलेल्या लाल दोऱ्यासाठी, आणि कंपासपेटीत ठेवली होती. जीप आली तेव्हा पेटी माझ्या मांडीवर होती. आईनं मला विचारलं, आणि मी म्हटलं, मी नाही पाहिली. ती अजून माझ्याकडं आहे, शिलाई मशीनच्या खणात. तिचं कुलूप त्याच दिवशी कापलं गेलं, म्हणून ती कशालाच लागत नाही.