चाकांवरचा कोरडा पलंग

१२ मे, मंगळवार

आजपासून आम्ही तंबूवाले नाही. ट्रेलर अंगणात उभा आहे. लहान, पांढरा. आत एक पलंग, दोन शेगड्या, एक टेबल. दार मागच्या बाजूला. टीव्ही नाही, संडास नाही, झुळझुळीत पडदे नाहीत. मला थाट नको, कोरडा पलंग हवा. चाळीस वर्षं ओल्या कॅनव्हासखाली झोपले, आता बास. गेल्या सप्टेंबरात तंबूत पाणी शिरलं, उशी तरंगली, तेव्हाच ठरवलं होतं. कॅझचं म्हणणं, त्या रात्री मजा आली. त्याचा गुडघा महिनाभर भोपळ्यासारखा सुजला होता हे तो सोयीस्कर विसरला. नवरे असेच.

विकणाऱ्याने ट्रेलर कसा भरायचा, कसा ओढायचा ते दाखवायची तयारी केली. गरज नाही म्हटलं. गाडी चालवण्याची परीक्षा घेण्यात माझी नोकरी गेली. या जिल्ह्यातली अर्धी माणसं एकदा तरी माझ्या हातून नापास झाली आहेत. आणि हा मला शिकवणार.

१४ मे

ठराव: ऑगस्टमध्ये टेसला आठवडाभर आमच्याबरोबर न्यायचं. पुलापलीकडे, तळ्यावर, कॅझच्या बहिणीच्या घराजवळ. टेस माझी एकुलती एक नात. नऊ वर्षांची झाली आणि एक रात्रसुद्धा माझ्याकडे राहिलेली नाही. मार्टा, म्हणजे आमची मुलगी, दर वर्षी काहीतरी काढते. तंबूत सर्दी होईल. अस्वल येईल. बाबांचा गुडघा. आता ट्रेलर आहे, आता काय काढणार?

फोनवर म्हणाली, उन्हाळाभर नीट ओढून दाखव, मग बघू.

दाखव. मला म्हणते, दाखव.

२३ मे, शनिवार. निघण्यापूर्वी

ट्रेलर जोडला आणि गाडीचं मागचं अंग खाली बसलं. ट्रेलरचं नाक जमिनीकडे. सगळा सरंजाम कुणापुढे तरी गुडघे टेकल्यासारखा. शाळेत सिस्टर लुदमिला आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून वर्गभर चालवायच्या. तेव्हापासून पोक काढलेलं काही मला बघवत नाही, माणूस असो की वाहन.

उपाय माझाच. जड सामान सगळं मागे नेलं. बिडाची भांडी, पाण्याचे कॅन, जळाऊ लाकूड. सगळ्यात शेवटी, दाराशी, तंबू. हो, तंबू. कॅझ तो खांब-खुंट्यांसकट बरोबर घेतल्याशिवाय निघायला तयार नाही. असू दे, म्हणतो. बरं. तंबूवाल्यांची पद्धतच आहे, तंबू शेवटी चढवायचा, म्हणजे पोचल्यावर पहिला हाताला लागतो. चाळीस वर्षं असंच भरलं. भरण्यातलं आम्हाला कुणी शिकवायला नको.

आता गाडी ताठ. सिस्टर लुदमिला पास करतील अशी.

कॅझ म्हणाला की विकणाऱ्याने बहुधा वजन पुढे ठेवायला सांगितलं होतं. म्हटलं, 'बहुधा' म्हणणाऱ्यांना मी गाडीतून उतरायच्या आत नापास करत असे.

२५ मे

परत. पलंग कोरडा. झोप अप्रतिम.

तक्रार: हायवे नीट बांधलेला नाही. उतारावर ट्रेलर थोडा डुलतो. रस्तेखात्याला फोन करणे.

१३ जून, शनिवार

वारा. शिवाय ट्रकवाले. शेजारून ट्रक गेला की ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला जातो, मग ढकलला जातो, मग आपला आपणच डुलत राहतो, ट्रक दिसेनासा झाला तरी. जोरात ब्रेक दाबला. त्यावर आणखी डुलला. वाहनाला शिस्त लागायला वेळ लागतो.

चार कप फुटले. कॅझने दाराच्या वरची मूठ दोन तास धरून ठेवली होती. घरी आल्यावर मूठ त्याच्या हातात आली. नव्या गाडीची ही प्रत.

रस्तेखात्याची बाई म्हणाली की त्या उताराबद्दल दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. लोकांना निरीक्षणशक्तीच नाही.

२६ जून

एक चांगली गोष्ट नोंदवून ठेवते. कॅझ कन्फेशनला जाऊ लागला आहे. हा माणूस वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी, मी कॉलर धरून नेल्यावर जाणारा. आता प्रत्येक सहलीच्या आधीच्या गुरुवारी आपणहून जातो. काल अर्धा तास आत होता. या वयात याला अर्धा तास पुरतील एवढी पापं कुठून सुचतात? बाहेर आला तेव्हा चेहरा शांत, सगळी आवराआवर झाल्यासारखा.

मोकळ्या हवेने माणूस देवाकडे वळतो. हे तंबूत कधी झालं नव्हतं.

४ जुलै

हायवेवर आज सर्वांनी मला आदराने अंतर दिलं. माझ्यामागे लांबपर्यंत मोकळा रस्ता, आणि त्याच्याही मागे गाड्यांची शिस्तीत रांग. कोणी पुढे जायला धजेना. इतक्या वर्षांनी या राज्यात सभ्यता आली.

पेट्रोल पंपावर ड्वेन फिच भेटला. आता वकील आहे. माझ्याकडे तीनदा नापास. काच खाली करून ट्रेलरच्या मागच्या बाजूबद्दल काहीतरी सांगू लागला. मी विचारलं, आता गाडी दोन गाड्यांच्या मध्ये लावता येते का? लाल झाला. काच वर केली. पण गेला नाही, आम्ही निघेपर्यंत तिथेच थांबून बघत होता.

नवं निरीक्षण: हळू गेलं की डुलणं फार वेळ चालतं. तेव्हा ठराव, वेग वाढवणे, म्हणजे उतार लवकर संपतो.

१८ जुलै, शनिवार

वेग वाढवला.

घाटीच्या वळणानंतर ट्रेलर डाव्या आरशात दिसला. मग कुठेच दिसला नाही. मग उजव्या आरशात दिसला. मग पुन्हा डाव्या. गाडीची चाकं क्षणभर जमिनीवर आहेत की नाहीत ते कळेना. रस्त्यावर मागे काळे पट्टे उमटले, ते कॅझने उतरून पाहिले. मी उतरले नाही. पाहण्यासारखं काय आहे त्यात.

संध्याकाळी कॉफी दोनदा बशीत सांडली. कप काठोकाठ भरला होता.

पलंग कोरडा.

२६ जुलै, रविवार

मासच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात फादर ब्रोनेकांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. ऑगस्टच्या सहलीला कोण कोण जाणार, विचारलं. मी सांगितलं, माझी नातसुद्धा. त्यांनी कॅझकडे पाहिलं. कॅझने बुटांकडे पाहिलं.

दुपारी फादर पवित्र पाणी घेऊन घरी हजर. कॅझने बोलावलं होतं, मला न विचारता. गाडीवर दोन थेंब शिंपडले. ट्रेलरवर अख्खी बाटली रिकामी केली, विशेषतः मागच्या बाजूला. नव्या ट्रेलरला आशीर्वाद घ्यायची आपल्यात पद्धत आहे, त्यात गैर काही नाही. पण मे महिन्यात घ्यायचा, आता काय.

३० जुलै

स्टेशाचा, कॅझच्या बहिणीचा, फोन. पुलापलीकडचे लोक आम्हाला पुलाखालची भुतं म्हणतात, आम्ही पुलाच्या खालच्या अंगाला, दक्षिणेला राहतो म्हणून. ही बया गेली चाळीस वर्षं तो एकच विनोद करते आहे. यंदा किती भुतं येणार, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, तीन. टेस धरून तीन. बोलताना आवाज जरा चढला असेल. टेससाठी तिने मांस आणि सलगमाच्या गरम पॅस्ट्या करायचं कबूल केलं.

पलंगावर टेससाठी नवी चादर घातली. मी टेबलाच्या बाकावर झोपेन.

७ ऑगस्ट, शुक्रवार

मार्टा आणि टेस आल्या. मार्टाची अट: पुलापर्यंत टेस तिच्या गाडीत, आमच्या मागे. सगळं ठीक दिसलं तर पुलाच्या अलीकडे टेस आमच्या गाडीत बसेल आणि मार्टा परत फिरेल. म्हणजे परीक्षा. परीक्षकाची परीक्षा. मी हो म्हटलं. टेससाठी मी कशालाही हो म्हणेन.

टेस ट्रेलर बघून नाचली. पलंगावर लोळली. कोल्ह्याचं चित्र असलेली तिची उशी पलंगावर ठेवून गेली, जागा धरून ठेवायला. आजी, ही माझी बाजू, म्हणाली.

कॅझ कालही कन्फेशनला गेला होता. आज त्याने ट्रेलरचं मागचं दार उघडलं, बराच वेळ आत बघत उभा राहिला, आणि विचारलं की तंबू पुढे घेऊ का. म्हटलं, भरलेलं हलवू नकोस. त्याने दार लावलं.

८ ऑगस्ट, शनिवार, सकाळी

पुलावर वाऱ्याचा इशारा. ट्रेलरवाल्यांनी अगदी हळू जायचं. पूल लांब आहे, मान्य. नाजूक मनाच्या लोकांची गाडी पुलावरचे कर्मचारी स्वतः पलीकडे नेऊन देतात. मी नाजूक नाही.

मार्टाला दाखवते.

८ ऑगस्ट, संध्याकाळी. पुलाच्या अलीकडची कॅम्पिंगची जागा

नीट, क्रमाने लिहिते.

पूल येण्याआधीचा शेवटचा उतार. वारा बाजूने. डुलणं सुरू झालं. ठरल्याप्रमाणे वेग वाढवला. ट्रेलर डाव्या आरशात, उजव्या आरशात, डाव्या आरशात. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी कुणी दुसरंच चालवत होतं. कॅझ मोठ्याने 'हेल मेरी'ची प्रार्थना म्हणत होता. मी ब्रेक दाबला.

थांबलो तेव्हा गाडीचं तोंड उत्तरेला होतं आणि ट्रेलरचं पश्चिमेला. एक चाक गवतात. कुणाला काही लागलं नाही. कुणी शेजारून जात नव्हतं. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी अंतर ठेवलं होतं.

मार्टा धावत आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला. तो काचेपाशी लावून घरापासून मागून चित्रण केलं होतं. मी ट्रेलर मागून कधी पाहिला नव्हता. कसा पाहणार, मी पुढे असते. उतारावरच डुलतो असं नाही. सपाट रस्त्यावर. वारा नसताना. घराच्या कोपऱ्यापासून.

टेस तिच्या आईला चिकटून उभी होती. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "आजी, तो मान हलवत होता. सगळा रस्ता. नको, नको, नको, असं."

मी टेसला म्हटलं की आता पूल तेवढा राहिला, तिथे आपण अगदी हळू जाणार आहोत, चल, बस. गाडीचं दार उघडून धरलं. ती मागे सरकली. एकच पाऊल, पण मागे.

मग मी कॅझवर उखडले. हे एवढं दिसत होतं, कळत होतं, तर उन्हाळाभर तोंडात काय धरून बसला होतास, विचारलं. तो गवतात बसून गुडघा चोळत होता.

"जेनी," तो म्हणाला, "मी बोललो असतो तर तू आणखी जोरात चालवली असतीस."

हे त्याचं वाक्य जसंच्या तसं नोंदवून ठेवते.

मग त्याने ट्रेलरचं मागचं दार उघडलं. तंबू बाहेर काढला. भांडी, पाणी, लाकूड एकेक करून पुढे नेलं. गाडीचं मागचं अंग खाली बसलं, ट्रेलरने नाक जमिनीकडे केलं. दिसायला भयंकर. त्याने स्वतः चालवत इथपर्यंत आणला. एकदाही डुलला नाही. वारा पडला होता.

८ ऑगस्ट, थोड्या वेळाने

मार्टा टेसला परत न्यायला निघाली होती. टेस रडू लागली. तिला तळं हवं होतं, स्टेशाच्या पॅस्ट्या हव्या होत्या. कॅझने तंबू उचलला आणि मार्टाच्या गाडीत टाकला. मार्टा त्या दोघांना घेऊन पुलापलीकडे जाईल आणि आठवडाभर राहील, असं ठरलं. माझ्यासमोरच ठरलं.

मी म्हटलं, ट्रेलर असा उघड्यावर टाकून जाता येत नाही, कुणीतरी थांबायला हवं. थोडा वेळ थांबले. कुणी आग्रह केला नाही.

टेस पलंगावरची कोल्ह्याची उशी घेऊन गेली. जाताना माझ्या गालाचा मुका घेतला. नीट, शिकवल्यासारखा.

९ ऑगस्ट, रविवार

सकाळपासून पाऊस. पलीकडे जास्त असणार. पुलावरून गाड्या जातात तेव्हा त्याची लोखंडी जाळी गुणगुणते, दिवसभर, एकाच सुरात. बायका जपमाळ घेऊन बसल्यावर येतो तसा आवाज, पण यात आमेन येत नाही.

कॅझचा फोन. तंबू कोपऱ्यात गळतो आहे. टेसने गळतीखाली पातेलं ठेवलं आहे आणि थेंब मोजते आहे. मागे ती हसत होती, ते ऐकू आलं. गुडघा कसा आहे, विचारलं. सुजलाय, म्हणाला, मजेत.

मग स्टेशाने फोन घेतला. सगळे पोचले, जेवले, पॅस्ट्या संपल्या. "वहिनी," म्हणाली, "एक भूत कमी भरतंय गं."

मी म्हटलं, ते पुलाखाली आहे. नेहमीच्या जागेवर.

ती हसली नाही.

ठराव: पुढच्या वर्षी

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. पलंग कोरडा आहे. दोन्ही बाजू.