गोलपोस्टपर्यंत चालणारं इंजिन

४ सप्टेंबर, सकाळ
आजपासून शाळेचं मैदान माझ्या ताब्यात. गवत कापायचं यंत्र बसून चालवायचं आहे, लहान ट्रॅक्टरसारखं. इतके महिने घरी बसून काढले, आता बसून पगार. बायको म्हणाली, आधी ते यंत्र नीट समजून घ्या. मशीन माझ्या रक्तातच आहे, हे हिला अजून कळलेलं नाही.

दुपार
इंजिन झकास सुरू झालं. गोलपोस्टपाशी आचके देऊन बंद. नव्या माणसाला बुजलं असावं.

५ सप्टेंबर
तोच प्रकार. थोडं थांबलं की सुरू, गोलपोस्ट आला की बंद. निदान: स्पार्क प्लग. काढून जुन्या टूथब्रशने घासला. ब्रश जुना नव्हता, बायकोचा होता, हे नंतर कळलं.

७ सप्टेंबर
नवा प्लग टाकला. गोलपोस्टपाशी बंद. म्हणजे निदान बरोबर होतं, रोग बदलला.
खेळाचे सर येऊन गेले. शनिवारी, सोळाला, क्रीडादिन आहे आणि पहिलीची पोरं गवतात कमरेपर्यंत बुडतात, म्हणाले. पोरं बुटकी आहेत, त्याला मी काय करू?

९ सप्टेंबर
एअर फिल्टर धुतला. पेट्रोल बदललं. ऑइल बदललं. चांगल्या शर्टालाही ऑइल मिळालं.
मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, मेकॅनिक बोलवू का? म्हटलं, मी असताना? बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. कौतुकानेच असणार.

१२ सप्टेंबर
कार्बोरेटर घरी आणून उघडला. व्हरांड्यात चादर पसरून एकेक भाग मांडला. वारा आला. आता एकेक भाग शोधतोय.
बायको हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आली, चादर बघितली आणि काही न बोलता आत गेली. ती ओरडते तेव्हा बरं वाटतं.

१३ सप्टेंबर
कार्बोरेटर जोडला. गोलपोस्ट. बंद.
नोकरी अजून कच्ची आहे. मुलीने सासरी सांगून टाकलंय की बाबा आता मैदानप्रमुख आहेत. मी तिला तसं म्हणालो नव्हतो. म्हणजे, तिने विचारलं तेव्हा नाही म्हणालो नव्हतो.
आजूबाजूला कोणी नाही बघून इंजिनाला हात जोडले. म्हटलं, बाबा रे, शनिवारपर्यंत चाल, मग खुशाल मर.

१४ सप्टेंबर
चाललं! सकाळी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सापडेना, म्हणून तिच्या तोंडावर फडकं टाकून निघालो. गोलपोस्ट ओलांडला! अर्धं मैदान कापलं. डोळ्यांत पाणी आलं, थोडं धुरामुळे. कार्बोरेटरमधली माझी मेहनत शेवटी कामी आली. बाईंना जाऊन सांगितलं, दोष मुळापासून काढलाय.

१५ सप्टेंबर, सकाळ
झाकण माझ्याच खिशात होतं. घट्ट लावलं. गोलपोस्टपाशी बंद.

दुपार
कार्बोरेटर पुन्हा उघडला. घाईत एक स्प्रिंग उडून गटारात गेली. आता तर सुरूही होत नाही.
मी गटारात हात घालून ती शोधत असताना खेळाचे सर आले, झाकण उलटं करून बघितलं. म्हणाले, यात हवा जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजलंय. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल उतरत नाही, इंजिन गुदमरतं. म्हटलं, मी त्याच निष्कर्षाकडे येत होतो. सर म्हणाले, गटारातून?

१६ सप्टेंबर
क्रीडादिन अर्ध्या मैदानावर झाला. उरलेल्या अर्ध्यात तीन चेंडू आणि पहिलीतली एक मुलगी हरवली. मुलगी सापडली. तिला मजा आली, असं तीच म्हणाली. तिच्या आईचं मत वेगळं होतं.

१८ सप्टेंबर
बाईंनी ऑफिसात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाटलं, नोकरी पक्की करतायत.
यंत्र भंगारात काढलं म्हणाल्या. उद्यापासून गवत खायला मेंढ्या येणार आहेत. मेंढ्यांचा अनुभव आहे का, असं विचारलं. भरपूर, म्हणालो.
घरी अजून सांगितलेलं नाही. रात्रीतून तेवढं वाचून ठेवायला हवं, मेंढी सुरू कशी करतात.