शपथेने सोडवलेला माग

मी डॉर्कस हॅडवेन, जर्व्हिस विणकराची विधवा, राहणार केंडल, वय एकसष्ट. पाय सुजले आहेत, बुद्धी शाबूत आहे. लोक ज्यांना क्वेकर म्हणून हिणवतात, त्या 'मित्र' पंथातली मी एक. आमचे हो म्हणजे हो. म्हणून शपथेवाचून लिहिते ते खरे मानावे.

घर व परसबाग मुलगी टॅमर हिला. पितळी पातेलेही तिलाच. तळ नवा बसवला आहे, टाकू नये. मला पुरताना जुनी लोकरी चादर पुरे, वर दगड नको.

दीर मायल्स याला जर्व्हिसची टोपी. आम्ही टोपी फक्त देवापुढे काढतो; ती न्यायाधीशापुढे काढली नाही म्हणून जर्व्हिस सात महिने तुरुंगात होता, तेव्हा मायल्स म्हणाला होता, "डोक्याला एवढी थंडी वाजते का गं त्याच्या?" आता स्वतः घालून पाहावी.

माग मात्र शेजारीण उर्सुला थेक्स्टन हिला. कारण लिहिते.

जर्व्हिस आत असताना, चर्चचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, दिला नाही म्हणून शिपायांनी आमचा माग नेला, उर्सुलाचाही नेला. न्यायाधीश म्हणाला, "माग बापाचा म्हणतेस ना? मग ठेव बायबलवर हात, आणि घेऊन जा." माग खरोखरच माझ्या वडिलांचा होता, आम्हांला वापरायला दिलेला, म्हणजे आमच्या देण्यापोटी नेता येत नव्हता. मी हात ठेवला. खोटे बोलले नाही. पण शपथ वाहू नका हे प्रभूचे सांगणे मोडले. उर्सुलाचा मागही तिच्या बापाचाच होता. तिने हात ठेवला नाही. आजवर ती दुसऱ्यांची लोकर पिंजते.

जर्व्हिस सुटून आला. "हा परत कसा गं आला?"

"देवाने राखला," मी म्हटले.

त्याने मित्रांच्या भर प्रार्थनासभेत उभे राहून ते सांगितले. बाहेर पडताना उर्सुला म्हणाली, "तुझ्या मागावर देवाचा हात. माझ्याच मागाला काय कीड लागली होती गं?" मी शाल सारखी करत राहिले. बावीस वर्षे सभेच्या मौनात बसते. इतरांचे मौन प्रार्थनेचे, माझे लपण्याचे. जर्व्हिस तेच खरे मानून गेला.

टॅमर, तुझ्या नवऱ्याचे पोट या मागावर आहे, जाणते. तरी द्यावा. कोर्टाने या मृत्युपत्रासाठी शपथ मागितली तर घेऊ नये, घर अडकले तरी.

हे माझ्या मागे सभेत वाचावे, असे इथे लिहिले होते. साक्षीला उर्सुलाला बोलावले, टॅमरने सगळे वाचून दाखवले.  उर्सुला म्हणाली, "मेल्यावर वाचणार? मग मी भांडू कोणाशी? जीव आहे तोवर तूच बोल की!"

ती ओळ खोडली आहे. येत्या पहिल्या दिवशी, ज्याला जग रविवार म्हणते, मला खुर्चीसकट उचलून सभेत न्यावे.

सही: डॉर्कस हॅडवेन

साक्षीदार: बार्नबी स्ट्रिकलंड, चांभार; उर्सुला थेक्स्टन, तिच्या हातची खूण

केंडल, दुसऱ्या महिन्याचा सतरावा दिवस, सन १६८४