कुमहेलिगच्या घाटातील माझी आघाडी

२ सप्टेंबर, कार्डिफ. हॉटेल.
पाय जड. स्वाभाविक आहे. सदतीस वर्षांचा स्नायू उशिरा तापतो. मात्र एकदा तापला की तापलेलाच राहतो. तरुण सायकल रायडरांना हे तत्त्व समजत नाही. पुढील वर्षीच्या कराराबद्दल संघाचा मॅनेजर योस्ट अद्याप गप्प. चांगली बातमी राखून ठेवली असावी. संकल्प: गुरुवारचा शेवटचा टप्पा जिंकून त्याचे काम सोपे करणे.

३ सप्टेंबर
गुरुवारी शर्यत घाट उतरून माझ्याच गावातून, कुमहेलिगमधून जाते. आमच्या व्यवसायात एक जुना शिष्टाचार आहे: गाव आले की जथा त्या गावच्या रायडरला पुढे सोडतो, तो घरच्यांना मिठी मारतो आणि पुन्हा जथ्यात मिसळतो. निवृत्त होणाऱ्यांसाठी तर फारच हृद्य प्रथा. मला तिचा उपयोग नाही.
मेरेरिदचा फोन. चौकात पताका लावल्यात, तुझी आई तव्यापुढून हलायला तयार नाही, तव्यावरच्या वेल्श केकचा ढीग झालाय. थांबशील ना रे? बघू, म्हणालो. डावपेच बायकोलाही फोनवर सांगू नयेत.

४ सप्टेंबर, जेवणानंतर
योस्ट म्हणाला, इदवाल, उद्या घाटात बिनधास्त सुट, कोणी मागे येणार नाही, मी सगळ्यांशी बोललोय. प्रतिस्पर्ध्यांना आगाऊ ताकीद! केवढा विश्वास. इटालियन बेप्पेने पाठ थोपटली. डोळे पाणावले होते त्याचे. भीती माणसाला हळवे करते.

५ सप्टेंबर, दुपार. बस.
क्रमाने लिहितो. घाटात सुटलो. मागे एकही चाक नाही. गावातून ताशी साठच्या वेगाने गेलो. पताका दिसल्या, माणसे अस्पष्ट. कानातल्या रेडिओवर योस्ट ओरडत होता: थांब, अरे गाढवा, थांब! प्रोत्साहनाची बेल्जियन पद्धत. आघाडी दोन मिनिटे, मग चार, मग सहा. वास्तविक एकटा वारा कापणारा, एकमेकांच्या आडोशाने येणाऱ्या शंभरांपेक्षा लवकर थकतो. शास्त्राला अपवाद असतात. मी त्यांपैकी एक असावा.
शेवटच्या काही किलोमीटरांत पकडले गेलो. शेजारून जाताना बेप्पे म्हणाला, बायको चांगली आहे रे तुझी. याला ती कुठे भेटली? जवळजवळ शेवटचा आलो.

६ सप्टेंबर, कुमहेलिग
मेरेरिदने सांगितले. अख्खा जथा चौकात उतरला होता. सगळ्यांनी केक खाल्ले. तुझ्या वाटणीची मिठी बेप्पेने आईंना मारली, म्हणाली. वळणाकडे बघत उभे होते बिचारे, आता परत येईल, मग येईल. शेवटी पंचांनी हाकललं.
योस्टला फोन केला. करार? अरे, हे शेवटचं वर्ष म्हणून जानेवारीतच सांगितलं होतं ना तुला? तू म्हणालास, बघू.
म्हणालो असेन.
मेरेरिद म्हणते, पताका अजून उतरवलेल्या नाहीत, लोक संध्याकाळी पुन्हा जमतायत. सायकल राहू दे घरी. चालत ये, म्हणजे थांबशील.
पाय दुखतात. संकल्प नाही. जाईन.