उतरलेले सेल

प्रिय बद्रीनाथ,

कित्येक वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे. माझं सदर बंद झालं. सव्वीस वर्षं गाण्यांवर लिहिलं. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, तरी टिकलो होतो. पण पेपर साखर कारखान्याच्या चेअरमनचा. यंदा ऊसच नाही, कारखाना थंड, म्हणून पानं कमी केली आणि पहिली कात्री माझ्यावर. दुष्काळात गाण्यावाचून कुणाचं अडलंय, असं संपादक म्हणाले.

टेबल रिकामं करताना खालच्या खणात तुझ्या बहिणीची, केसरबाईची कॅसेट सापडली. तू चकलांब्याहून येऊन हातात दिली होतीस तीच. लाइट होती, सहज टेपवर लावली आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत ऐकत बसलो. काय गळा रे! धारदार, मोकळा, उसाच्या फडात शेवटच्या कोयतेवाल्यापर्यंत पोचेल असा. चोवीस वर्षांपूर्वी मी परीक्षणात लिहिलं होतं, गळा बोजड, ताल रेंगाळलेला. लोकांनी निर्भीड म्हणून पाठ थोपटली, कंपनीनं तिची दुसरी कॅसेट रद्द केली.

चूक तिथंच कळली. परीक्षण लिहिलं त्या वर्षीही दुष्काळ होता, दिवस दिवस लाइट नसायची. टेप सेलवर चालवायचो. सेल उतरले की उन्हात तापवून पुन्हा घालायचो. असल्या सेलवर फीत हळू फिरते, आवाज जाड येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणच वाकडं होतं आणि मी नाचणारीला नावं ठेवली. लाज वाटते, बद्री.

परवा केसरबाई तेलगावच्या स्टँडवर भेटली, ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं निघालेली. गातेस का, विचारलं. म्हणाली, "कशाला? तुमी खरंच लिवलं व्हतं, भाऊ. माजा गळाच जाड हाय. लेकरायलाबी कदी गाऊन निजवलं न्हाई." मी सेलचं काही न सांगता तिचं गाठोडं उचलून दिलं. ट्रक आला, ती चढून गेली. दुरुस्ती छापायला सदर उरलं नाही, आणि छापली तरी तिला वाचता येत नाही. माझं ते परीक्षण तूच तिला वाचून दाखवलं होतंस. टोळी परतली की हे पत्रही वाचून दाखव. ती आता गाईल, अशी मला मुळीच आशा नाही. पण स्वतःच्या लेकरांशी ती चोवीस वर्षं मुकी राहिली ती माझ्यामुळं, तिच्या गळ्यामुळं नाही, एवढं तिला कळू दे.

तुझाच, तोंड लपवून बसलेला,
शहादेव