मागच्या अ‍ॅक्सलच्या बदल्यात

प्रिय मॉरीन,

फोनवर आपलं बोलणं म्हणजे काय, तर तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो जेवलो, मग तुला धाप लागते आणि लिनेट तुझ्या हातातून फोन काढून घेते. आपली लेक डॉक्टरापेक्षा कडक निघाली. म्हणून लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस. इकडे डोंगरात, माँटिसेलोत सकाळी अजून गारठा असतो. तुझी लाडकी मांजर शेजारी व्हर्लकडे कायमची राहायला गेलीय. तो तिला बेकन घालतो, मग मी कोण तिचा? आणि दुसरी बातमी म्हणजे आपला खडक चढायचा ट्रक दुरुस्तीला घेतला. हो, तोच. तू गेल्यापासून मागची चाकं अधांतरी ठेवून शेडमध्ये उभा होता, आणि कुणी त्याचं नाव काढलं की मी हवापाण्यावर बोलायला लागायचो.

खांदा साथ देत नाही, मागचा अ‍ॅक्सल एकट्याने उतरवणं आता आपलं काम नाही राहिलं. म्हणून सामानाच्या दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'अ‍ॅक्सलच्या कामाला माणूस हवा. पैसे मिळणार नाहीत. शेडमधलं सामान घेऊन जा.' तुला आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. नोटा पुढे केल्या तर माणसं रागावतात, आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचा जोड पुढे केला तर रविवार सोडून येतात. पहिला व्हर्लच टपकला. इंजिन उचलायची घोडी आणून दिली आणि बदल्यात ट्रकवरची विंच, ती रुतलेला ट्रक ओढायची चरखी, मागितली, नुसती चेष्टा म्हणून. मी म्हटलं, घेऊन जा. तो म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या वाळूत रुतलास तर काय दातांनी ओढणार आहेस ट्रक?" मी म्हटलं, तुला हवी की नको तेवढं सांग. त्याने उचलली, पण जाताना तीनदा वळून बघितलं.

मग तामरा आली. रस्ते खात्यात वेल्डिंग करते ती, उंच, लाल केसांची. तुझ्यासमोर शाळकरी पोर होती. स्वतःचा ट्रक बांधतेय, आणि त्यासाठी तिला आपला जादा पुढचा अ‍ॅक्सल हवा होता. तोच गं, जो आणायला आपण पार ब्लँडिंगला गेलो होतो आणि येताना तो तुझ्या पायाशी ठेवून तू सीटवर मांडी घालून बसली होतीस. तो शेडबाहेर नेताना मी तिला दारातच एकदा थांबवलं, खोटं कशाला बोलू? त्यावर ग्रीसने पुसट झालेलं तुझं अक्षर होतं, 'हात लावू नये, डेलविनचा जीव आहे.' तामराने वाचलं आणि म्हणाली, "काका, जीव देताय म्हणजे काम चोख करायला हवं." तिच्यासाठी खोल लोखंडी भांड्यात, निखाऱ्यावर, तुझ्यासारखे कांदा-बटाटे केले. खाली करपले, वर कच्चे. पोरीने सगळे संपवले. गुणाची आहे.

काम करताना तिने विचारलं, हा मोडला कसा? मी म्हटलं, खडकावर. एवढंच म्हटलं. बाकीचं तिला काय सांगायचं? तू वाट दाखवायला ट्रकपुढे उभी होतीस, हात वर करून, आणि मी नेहमीसारखा खडकाकडे न बघता तुझ्या हाताकडे बघत होतो. लोक म्हणायचे, डेलविन काय चालवतो! अरे, मी कुठे चालवत होतो? तू बोट हलवशील तिकडे स्टिअरिंग फिरवत होतो, आणि चुकलो की तू कंबरेवर हात ठेवून ओरडायचीस, "डावीकडे म्हटलं ना! तुझं डावीकडे, माझं नव्हे!" त्या दिवशी मागच्या अ‍ॅक्सलमधले दात कडाडून तुटले आणि मी शिव्या घालत खाली उतरलो, तर तू दगडावर बसली होतीस, ओठ निळे पडलेले. मागच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट काढून नुसत्या पुढच्या चाकांवर तुला खाली आणलं. मग डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या उंचीवरची हवा आता हिला झेपायची नाही. आणि तू मिसूरीला, लेकीकडे, सखल मुलखात गेलीस. मीही येतो म्हटलं, तर तू मला काय म्हणालीस, आठवतंय? "माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. खडक सोडून आलास तर खिडकीत बसून मक्याची शेतं बघत कुढशील, आणि ते मला बघवायचं नाही." मला राग आला होता. मी म्हटलं, ट्रक झाला की बघू. त्यानंतर तू दर वेळी विचारायचीस, झाला का ट्रक? आणि मी शेडचं दारसुद्धा उघडत नव्हतो. त्या तुटलेल्या अ‍ॅक्सलकडे बघितलं की तुझे ओठ दिसायचे.

आता पुढचं ऐक. मी मागवलेलं क्राऊन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांचा जोड, तामराने खोक्यातून काढलं, दात मोजले आणि कपाळाला हात लावला. "काका, दुकानवाल्याने गंडवलं तुम्हाला! हे सपाट रस्त्यावर पळायचे दात आहेत. खडकावर ट्रक नुसता रडेल." मी म्हटलं, हेच मागवले होते. "मग पुढच्या अ‍ॅक्सललाही हेच बसवावे लागतील. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे ठेवून चारही चाकांना जोर दिलात, तर अर्ध्या मैलात आतडी बाहेर येतील. एवढे टक्केटोणपे खाल्लेला माणूस असली चूक करतो?" मी म्हटलं, पुढचं राहू दे तसंच. चारही चाकं लावायची वेळ येणार नाही. ती आणखी काहीतरी बोलणार होती, पण तिने शेडच्या रिकाम्या फळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि घोडं कुठे पेंड खातंय ते तिला उमगलं. मग हळूच म्हणाली, "पुढचा शाफ्ट काढून ठेवू का? उगाच वजन कशाला?" काढला तिने. त्याच्या बदल्यात काही घेतलंही नाही.

मॉरीन, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी येतोय. पाहुणा म्हणून नाही, राहायला. हा ट्रक आता कुठल्याही खडकावर चढू शकत नाही, ते मी मुद्दाम करून घेतलंय, म्हणजे उद्या तुला म्हणता येणार नाही की ह्याचं मन तिकडेच आहे. आता कुढण्याबद्दल. कुढेन, नाही असं नाही. पण इथे तरी दुसरं काय करतोय? रोज दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तिथे कुढलो तर निदान तू ओरडशील. तुझं ओरडणं ऐकायला कान आसुसलेत गं माझे. फोनवर विचारलं असतं तर तू 'नको' म्हणाली असतीस, आणि तुझं 'नको' मोडायची मला सवय नाही. म्हणून हे पत्र पेटीत टाकून लगेच निघतोय. ते तुझ्या हातात पडेल तेव्हा मी वाटेत असेन आणि इथला फोन रिकाम्या घरात वाजत राहील. तेव्हा 'नको' म्हणायचं असेल, तर ते दारात उभी राहून, माझ्या तोंडावर म्हण. मी ट्रक तुझ्या अंगणात आणेन, आणि तू हात वर करून थांब म्हणेपर्यंत पुढे येत राहीन.

तुझाच, अजून तुझ्याच हाताकडे बघणारा,
डेलविन